मुंग्यांनी वळसा घातलेली फळी

मी एक जुना, चारी बाजूंनी बंद असलेला ट्रेलर आहे. मित्रांनो, भिजता कामा नये असा माल पोटात घेऊन रस्त्याने जाणारी लांबलचक लोखंडी पेटी तुम्ही पाहिली असेल, ती मी. पुढचे इंजिन मला ओढते. त्याला आमच्याकडे घोडा म्हणतात. पहिली बारा वर्षे मी एका कंपनीत राबलो. माल भरायचा, उतरवायचा, दार आपटायचे, एवढीच माझी आणि माणसांची ओळख. मग गोंदियाजवळच्या कामठ्याच्या रूपलालने मला घेतले. मालकही तोच आणि ड्रायव्हरही तोच.

त्याची बायको धनवंता पहिल्याच दिवशी स्टूल आणि खडू घेऊन माझ्या पोटात शिरली. "दारं लावा जी बाहेरून," ती म्हणाली. काळोखात या बाईला काय पाहायचे आहे, मला कळेना. तेवढ्यात माझ्या छतात तीन बारीक ठिपके चमकले. तिने स्टुलावर चढून प्रत्येकाभोवती खडूने गोल काढला.

"जठून उजेड येते, तठून पाणीबी येईल," ती बाहेर येऊन म्हणाली. रूपलालने ती छिद्रे बुजवली, दाराचे फाटके रबर बदलले, बिजागऱ्यांना ग्रीस लावले. माल उतरला की तो माझे कानेकोपरे झाडायचा. आपण आतून कसे दिसतो याचे कुतूहल मला तेव्हापासून लागले.

गेल्या उन्हाळ्यात मी नागपूरहून फवारणीच्या औषधाचे डबे आणले. वाटेत एका डब्याचे झाकण निघाले आणि औषध सांडले. रूपलालने नाकाला रुमाल बांधून ते पुसले, साबणाने मला दोनदा धुतले. वास गेला.

दोन दिवसांनी आम्ही गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये उभे होतो. तांदूळ शाळांच्या खिचडीसाठी जायचा होता. ऊन चढले, माझा पत्रा तापला आणि रूपलालने दार उघडताच तोच उग्र दर्प बाहेर आला. तो जागच्या जागी थांबला.

मिलचे मुनीम गुलाबचंद घाईत होते. "अरे भाई, चावल बोरी में बंद है. कुछ नहीं होता. लगाओ गाडी."

"लेकरायच्या पोटात जाणार हाय हा तांदूळ, मुनीमजी. मी नाही भरत."

"तो फिर कल से मत आना!"

रूपलालने दार लावले. त्या मिलच्या कामावरच आमचे घर चालायचे. परतीच्या वाटेवर मला एकच प्रश्न छळत होता : इतके धुऊनही वास माझ्यात लपला कुठे?

घरी त्याने मला पुन्हा धुतले. सकाळी वास नसायचा, दुपारी यायचा. तिसऱ्या दिवशी धनवंता आत बसून कोपरे हुंगत होती. न्याहारीचे मुरमुरे तिच्या हातून सांडले होते आणि मुंग्यांची रांग लागली होती.

"अजी, अठी या. हे मुंग्या काऊन वळसा घेऊन राहिल्या?"

रांग सरळ येत होती, माझ्या तळाच्या एका फळीपाशी वळत होती आणि पलीकडे पुन्हा सरळ होत होती. रूपलालने पहारीने ती फळी उचकटली. खाली जुन्या पोत्याचा बोळा निघाला. फट बुजवायला कधीतरी कोणीतरी कोंबलेला. तो औषधाने चिंब होता. माझ्या अंगात तो इतकी वर्षे होता आणि मलाच ठाऊक नव्हते!

"तलावाकडे फेकू नका, ढोरं पाणी पितेत," धनवंता म्हणाली. त्यांनी हातमोजे घालून तो बोळा झाकणाच्या डब्यात बंद केला आणि औषधाच्या कंपनीकडे परत पाठवला. फळी नवी बसली. आठवडाभर माझी दारे सताड उघडी राहिली. वारा माझ्या पोटात असा दिवसरात्र खेळण्याची ती पहिलीच वेळ. फार बरे वाटले.

बोळ्याची गोष्ट मिलपर्यंत पोहोचली आणि एका दुपारी गुलाबचंद स्वतः कामठ्याला आले. रणरणत्या उन्हात ते माझ्या पोटात चढले आणि म्हणाले, "दरवाजा बंद करो." बाहेर रूपलाल आणि धनवंता दाराला कान लावून उभे होते. आत मुनीमजी वाकून एकेक फळी हुंगत पुढे सरकत होते. घामाने निथळत ते बाहेर आले. रूपलालकडे न पाहताच म्हणाले, "उस दिन तुम गए तो चावल दूसरी गाडी में भर दिया, उसको मैंने अंदर से देखा ही नहीं था. अब हर गाडी देखता हूँ." मग त्यांनी विचारले, "कल सुबह आओगे?"

मित्रांनो, तुमच्या घरी येणारे धान्य माझ्यासारख्याच कुणाच्या तरी पोटातून येते. आम्हाला झाडा, धुवा, फटी तपासा. आणि माल भरण्याआधी एवढे जरूर विचारा, "याच्या आधी यात काय होतं?" मला उत्तर देता येत नाही. माझी काळजी घेणाऱ्या माणसाला येते.