पिंकीचं बक्कल

मी एक जुना, बुटका बाक आहे. मित्रांनो, नागपुरात बेसा भागातल्या एका बालवाडीच्या दाराशी माझं सारं आयुष्य गेलं. पारशिवनीच्या रुपराव सुतारांनी मला मुद्दाम ठेंगणं केलं. अगदी चिमुकल्या मुलांचेही पाय जमिनीला टेकावेत, एवढीच त्यांची इच्छा.

माझ्यावर बसून मुलं पायात चपला-बूट घालायची. बालवाडीच्या नीलाताई समोर सतरंजीवर बसत. पण मदतीला हात पुढे करत नसत. जपाची माळ ओढताना मधला मणी गाळू नये, तशा त्या एकेका मुलासाठी थांबत. बूट चुकीच्या पायात जाई, निघे, पुन्हा जाई. ज्याला जमे, त्याचा चेहरा काय उजळे!

पुढे सगळ्यांनाच घाई झाली. पालक दारातूनच हाका मारू लागले. बहुतेकांना चिकटपट्टीचे बूट आले. पिंकीच्या सँडलला मात्र बक्कल होतं. ती कितीतरी दिवस त्याच्याशी झटत होती. एका दुपारी पट्टा कसाबसा आत गेला. आता फक्त काडी भोकात अडकवायची राहिली. पिंकीने श्वास रोखला. मीही.

तेवढ्यात तिची आई, प्रीती, आली. बाहेर स्कूटी सुरूच होती.

"चल वं पिंके, मले ड्युटीवर जायले उशीर होऊन राहिला!"

"प्रीती, क्षणभर थांब गं. तिचं होतच आलंय," नीलाताई हळूच म्हणाल्या.

"तुमचं सगळं आरामात चालते, ताई! मोठ्या शाळेत पोरं एबीसीडी लिहून राहिले, अन् आमची सँडलीतच अडकली!"

असं म्हणत तिने खाली वाकून बक्कल लावून टाकलं.

"मी लावून राहिली होती ना!" पिंकी हमसून रडली.

"झालं ना आता? काहून रडतं वं?"

दुसऱ्या दिवशी पिंकी माझ्यावर बसली आणि तिने दोन्ही पाय समोर पसरले.

"लाव ना, बाळा," नीलाताई म्हणाल्या.

"तूच लावून दे," पिंकी म्हणाली, आणि भिंतीकडे पाहत राहिली.

उन्हाळ्यानंतर ती मोठ्या शाळेत गेली. प्रीतीने काही वाईट केलं, असं मी म्हणणार नाही. लेकीवर तिचा जीव होता. पण त्या दिवशी काय मोडलं, ते तिला दिसलंच नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादं धाकटं भावंड शर्टाच्या बटणाशी झटत असेल, तर तुमचे हात मागे घ्या. देवाने प्रत्येकाला त्याची त्याची चाल दिली आहे. बटण लागलं, की ते भावंड मान वर करून तुम्हाला शोधेल. तेव्हा मात्र समोर असा.