आरशातल्या राज्यातला लाल दिवा

तोंडातून गेलेला शब्द आणि फाटकावरून गेलेली गाडी, दोन्ही मागं बोलावता येत नाहीत, हे धर्मेंद्रला कुणी शिकवायची गरज नव्हती. बावीस वर्षं तो बडनेऱ्याजवळच्या रेल्वे फाटकावर गेटमन होता. तरी शुक्रवारी जे बोलू नये ते त्यानं बोलून टाकलं. पोरगा अंकुर अकोल्याला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. चार विषय गेले, इयर डाऊन झालं. ते सांगायला त्यानं बिचाऱ्यानं फोन केला, तर बाप म्हणतो, "पास होशील तवाच घरी ये." झालं. तेव्हापासून पोराचा फोन बंद.

आता रविवारचे चार वाजले होते. बायको माया सकाळीच तिच्या भावाला, गोपालला, घेऊन अकोल्याला गेली होती. होस्टेलच्या खोलीला कुलूप, बॅग गायब, मित्रांना पत्ता नाही. पोलिसांत तक्रार दिली, तेव्हा ते म्हणाले, घरीही कुणीतरी थांबा, पोरं कधीकधी आपसूक परततात. म्हणून धर्मेंद्र क्वार्टरात थांबला होता. थांबला कसला, जीव टांगणीला लावून लोखंडी कपाटासमोर बसला होता.

कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला होता. त्यावर दोन आकडी नंबरांची रांग. ही बापलेकांची जुनी गंमत. फाटक बंद केलं की गेटमन फोनवरून स्टेशन मास्तरला एक नंबर देतो, मास्तर त्याचा नंबर देतो, आणि दोघंही लिहून घेतात. नंबर यादीतूनच द्यायचा, क्रमानं द्यायचा, वापरला की काट मारायची. आणि फाटक खरोखर बंद झाल्याशिवाय जीव गेला तरी द्यायचा नाही, कारण त्या नंबराच्या भरवशावर गाडी सुटते. अंकुर लहानपणी फाटकावर डबा घेऊन यायचा तेव्हा हे कान टवकारून ऐकायचा. अकोल्याला निघाला तेव्हा बापानं तशीच यादी करून दिली. एक प्रत त्याच्या पाकिटात, एक कपाटात. सुखरूप पोचला की पोरगा "बाबा, पोचलो" म्हणायचा नाही, नुसता पुढचा नंबर सांगायचा, आणि दोन्हीकडं काट बसायची. शेवटची काट अठरावर होती, चौदा एप्रिलची जयंती करून परत गेला त्या दिवशीची. पुढचा नंबर त्रेसष्ट. दिवसभरात धर्मेंद्रनं तो कागद इतक्यांदा वाचला होता की यादी पाठ झाली होती.

तेवढ्यात धाकटी आकांक्षा मोबाइल घेऊन धावत आली. ती अकरावीला, अमरावतीच्या कॉलेजात. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"बाबा, दादा गेममध्ये हाय. आत्ता, या घडीले."

धर्मेंद्रला आधी काहीच उमगेना. तिनं धापा टाकत समजावलं. हे भाऊ-बहीण एक गेम खेळायचे. त्याचे तीन भाग, तिन्हींत वेगळी दुनिया, पण माणसं तीच. पहिलं मातीचं राज्य, दुसरं पाण्याखालचं, तिसरं आरशातलं. ही नावं या दोघांनीच ठेवलेली. आरशातल्या राज्यात प्रत्येकाचा एक जोडीदार असतो, जो प्रत्येक फाट्यावर तुमच्या उलट वाटेनं गेलेला असतो. अंकुर हसून म्हणायचा की तिकडचा अंकुर पहिल्या नंबरानं पास होत असेल. आणि त्या राज्याच्या टोकाला एक पूल, पुलापलीकडं शेवटचा दरवाजा. त्यातून जो पल्याड गेला तो पुसला गेला. मग त्याचं नाव नुसतं दगडावर उरतं.

सिम काढून टाकलेलं असलं तरी कुठल्यातरी वायफायवर दादा खेळून राहिला, असं ती म्हणाली. मग तिनं त्याच्या नावाखाली लिहिलेली ओळ दाखवली. आज पाच वाजता पल्याड.

धर्मेंद्रनं ती ओळ दोनदा वाचली. अंकुर गेमबद्दल बोलत असेल की आणखी कशाबद्दल, हे दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही. फाटकावर बावीस वर्षं काढलेल्या माणसानं जे पाहू नये ते पाहिलेलं असतं, आणि ते सगळं त्याच्या डोळ्यांसमोर येऊन उभं राहिलं. त्यानं मायाला फोन लावला. तिनं लगेच पोलिसांना सांगितलं, पण कुठलं वायफाय हे कंपनीकडून कळायला वेळ लागेल असं उत्तर आलं. घड्याळात चार वीस झाले होते.

आकांक्षाला दादानं कालच ब्लॉक केलं होतं. तिनं बापाच्या मोबाइलवर, बापाच्या नंबरानं गेममधला नवा गडी उभा केला. ज्याच्याकडं एकही हत्यार नाही त्याला आरशातल्या राज्यात आडवाटेनं थेट जाता येतं, ही गोष्ट अंकुरनंच तिला कधी सांगितलेली. पण पूल दिसायला लागला तशी तिनं मोबाइल बापाच्या हातात कोंबला.

"तुमीच चालवा. मले त्यानंच शिकवलं. माही चाल तो दोन पावलांत वळखते, अन् निघून जाते."

आता सांगा, ज्या माणसाला मोबाइलवर फोटो मोठा करून पाहता येत नाही, त्यानं आरशातलं राज्य कसं चालवायचं? डावा अंगठा चालायला, उजवा वळायला. धर्मेंद्रचा गडी कधी झाडाला धडकला, कधी जागच्या जागी गोल फिरला. पोरगी "डावीकडं, डावीकडं" करत राहिली आणि हा घाम पुसत राहिला. आभाळ पायाखाली आणि नदी डोक्यावर, असली ती दुनिया. तिथून चालताना त्याच्या मनात आलं की खरंच असं उलटं राज्य असेल, तर तिथल्या धर्मेंद्रनं शुक्रवारी फोनवर काय म्हटलं असेल? "ये घरी, आईनं भाकरी टाकली," एवढंच म्हटलं असेल. त्या धर्मेंद्रचा त्याला फार हेवा वाटला.

चार बेचाळीसला पूल आला. पलीकडच्या टोकाला, दरवाजाशी, काळ्या घोंगडीतला एक गडी पाठमोरा उभा होता. डोक्यावर नाव, अंकुर. आकांक्षानं तोंडावर हात दाबला.

पुलाच्या अलीकडं खांबावर एक लाल दिवा टांगलेला होता. धर्मेंद्रचा अंगठा तिथंच थांबला.

"जा नं, बाबा. ते नुसतं चित्र हाय. तिथं कोणीच थांबत नाही."

त्याला कळत होतं. डोक्याला कळत होतं, अंगठ्याला कळत नव्हतं. बावीस वर्षांत लाल दिवा ओलांडून त्यानं एक पाऊल टाकलं नव्हतं, आणि आज पोरगं समोर असताना ही हाडात मुरलेली सवय आडवी आली. त्यानं स्वतःला शिव्या घातल्या. तेवढ्यात पुलाखालून दोन सावल्या वर आल्या आणि त्या बिनहत्याराच्या गड्याला झोडपायला लागल्या. त्याच्या जिवाची हिरवी पट्टी भराभर खाली आली. आकांक्षा मोबाइल ओढायला लागली. गडी मेला तर परत इथवर यायला तास लागेल, आणि उरली होती पंधरा मिनिटं.

पलीकडचा काळा गडी वळला. थोडा वेळ नुसता पाहत राहिला, कारण त्या राज्यात लाल दिव्याशी उभं राहून मार खाणारा येडा त्यानं कधी पाहिला नसावा. मग तो पूल ओलांडून परत आला आणि तलवारीच्या दोन घावांत त्यानं सावल्या उडवल्या. खाली अक्षरं उमटली, अनोळख्याशी बोलतात तशी हिंदीत. कौन है बे? रुका क्यूं?

धर्मेंद्रनं एकेक अक्षर शोधून लिहिलं. लाल दिवा हाय.

घड्याळाचा काटा सरकत होता. काळा गडी हलत नव्हता, पण त्याच्या नावाशेजारचा, तो अजून आत असल्याचा हिरवा ठिपका जळत होता. बऱ्याच वेळानं एक शब्द आला. बाबा?

आकांक्षा रडायला लागली. धर्मेंद्रला ओरडून सगळं सांगावंसं वाटलं, की चुकलो, की घरी ये, की तुझ्याविना घर खायला उठतं. पण इतकं लिहायला त्याचे अंगठे कुठून पुरणार, आणि तेवढ्यात पोरगं निघून गेलं तर? म्हणून त्याला जे येत होतं तेच त्यानं केलं. मी येतो तवर जागचा हलणार नसशील तर नंबर दे.

लगेच उत्तर आलं. १८.

धर्मेंद्रनं कपाटाकडं पाहिलं. अठरावर काट होती. पोरानं यादी न पाहता, बापाची समजूत काढायला, तोंडाला येईल तो नंबर दिला होता. वापरलेला नंबर म्हणजे फाटक उघडं, आणि फाटक उघडं असताना बापानं हो म्हणायचं नसतं. त्यानं लिहिलं. वापरलेला हाय. यादी पाहून दे.

चार एक्कावन्न. चार बावन्न. आकांक्षानं बापाचा दंड घट्ट धरून ठेवला होता. काळा गडी वळला आणि पुलावर दोन पावलं चालला. धर्मेंद्रनं डोळे मिटले नाहीत. गाडी जाताना गेटमननं डोळे मिटायचे नसतात. चार चौपन्नला गडी थांबला. कुठंतरी, खऱ्या जगात, एक पोरगं पाकिटातला घडी पडलेला कागद उलगडत असेल, असं त्यानं मनाला सांगितलं.

मग उमटलं. ६३. आणि खाली, मुर्तिजापूर. फलाटावर. टोकाचा बाक.

फलाटाचं टोक म्हटल्यावर धर्मेंद्रला आधी रूळच दिसले. पण नंबर खरा होता, म्हणजे शब्दही खरा. तरी बाप तो बापच, त्यानं मुर्तिजापूर स्टेशनवरच्या केशवरावांना फोन लावला. जुने सोबती. टोकाच्या बाकावर माझा पोरगा आहे, त्याच्याशेजारी जाऊन बसा, काही विचारू नका, एवढंच सांगितलं. मायाला कळवलं. आकांक्षाला मोबाइल दिला आणि गेममध्ये त्याच्याजवळ उभी राहा म्हणाला. मग कपाटातल्या त्रेसष्टवर काट मारून त्यानं मोटरसायकल काढली.

मुर्तिजापूरला पोचला तेव्हा उन्हं कलली होती. केशवराव बाकावर बसून चहा पीत होते, दुसरा कप भरलेलाच शेजारी ठेवलेला. पलीकडं अंकुर, दोन दिवसांची दाढी, मांडीवर बॅग. केशवराव उठले आणि ऑफिसकडं निघून गेले.

धर्मेंद्र पोराशेजारी बसला. धरावं की धरू नये कळेना, शेवटी खांद्यावर हात ठेवला. अंकुर रुळांकडंच पाहत होता. त्याच्या मुठीत यादीचा कागद होता, घामानं ओला झालेला.

"मी नंबर देल्ला, बाबा," तो म्हणाला. "तुमी कधीच देल्ला नाही."

धर्मेंद्रला ते खाडकन लागलं, कारण ते खरं होतं. फाटकाच्या फोनवर नेहमी दोघंही नंबर देतात, एकट्याच्या नंबरावर काम चालत नाही. दोन वर्षं त्यानं पोराकडून फक्त घेतला होता. पोचलास का, सांग. पास झालास का, सांग. स्वतःकडून काय दिलं, तर शुक्रवारचं ते एक वाक्य.

यादी त्याला पाठ होती. त्रेसष्टच्या खालचा नंबर त्यानं सांगितला.

"एकोणतीस. पास होय का नापास होय, तुह्यासाठी घर उघडं हाय. मी चुकलो, बेटा."

अंकुरनं कागद मांडीवर पसरला आणि खरंच खाली एकोणतीस आहे का, ते नीट पाहिलं. मग त्यानं बापाच्या खिशातला पेन काढला, एकोणतीसवर काट मारली आणि बॅग खांद्याला लावली.