तेवढी एक ओळ

“काकू, एकच तर ओळ आहे. मी अशी कट करतो ना, कुणाला कळणार पण नाही,” साउंडवाला सिद्धेश म्हणाला आणि त्याने टीपॉयवरचा लॅपटॉप नंदाबाईंकडे वळवला.

पडद्यावर हिरव्या रेघांची दाटी होती. त्यातल्या एका तुकड्यावर त्याने बोट ठेवलं. “हा एवढाच पार्ट. साडेचार सेकंद.”

नंदाबाई बघत राहिल्या. आपल्या नवऱ्याचा आवाज कधी असा डोळ्यांनी बघावा लागेल, असं त्यांना वाटलं नव्हतं.

दहिसरच्या चेकनाक्याजवळ, सातव्या मजल्यावर सीताराम परबांच्या घरी ही बैठक चालली होती. परबांची अक्षता आणि नंदाबाईंचा प्रबुद्ध यांचं लग्न पुढच्या रविवारी. बोरिवलीच्या हॉलमध्ये सकाळी बौद्ध पद्धतीने विधी, लगेच दुपारी रिसेप्शन, हे दोन्ही घरांनी मिळून ठरवलेलं. आज फक्त गाणी ठरवायची होती. पाहुणे येताना सनई, जेवताना बासरी, तरुण मंडळींना नाचायला सिनेमातली गाणी, सगळं अर्ध्या तासात ठरलं. सिद्धेश भराभर लिहून घेत होता. मग नवरा-नवरी स्टेजवर येतील तेव्हा काय लावायचं, हा प्रश्न आला आणि प्रबुद्धने आपला मोबाइल त्याच्या हातात दिला. “हे लाव. बाबांचं.”

रतन, म्हणजे नंदाबाईंचे यजमान, कारखान्यात फिटर होते. रविवारी त्यांची गायनपार्टी. गाणी स्वतः रचायचे, स्वतः गायचे. नंदाबाई घाटकोपरच्या एका प्रसूतिगृहात आया. दिवसभर दुसऱ्यांची बाळं न्हाऊ घालायच्या आणि संध्याकाळी नवऱ्याच्या मागे कोरसात उभ्या राहायच्या. सात वर्षांपूर्वी रतन गेले. त्यांचं एवढं एकच गाणं उरलं होतं, दहावीतल्या प्रबुद्धने मोबाइलवर घेतलेलं. त्यात पंख्याची घरघर होती, कुणाचा तरी खोकला होता.

गाणं सुरू झालं तेव्हा सीतारामराव गुडघ्यावर ताल धरून ऐकत होते.

घमेलं आईच्या डोईवर, पाटी माझ्या हाती,
चटके तिच्या पायांना, अक्षरं माझ्या माथी…
भीमानं दिली लेखणी, उजळून गेल्या राती!

शेवटच्या ओळीवर कोरस उसळला. त्यात नंदाबाईंचा आवाज वेगळा ऐकू येत होता. आणि त्याच ओळीवर अक्षताच्या मामांचा, धाकूमामांचा हात चहाच्या कपासकट मध्येच थांबला.

“गाणा बेस असा,” मामा घसा खाकरून म्हणाले. “पण ती वळ काढल्यान तर बरा होयत.”

“का हो, मामा?” नंदाबाईंनी विचारलं.

“लग्नात राजकारण कित्याक?”

“यात राजकारण कुठलं? माझी सासू घमेली वाहायची. तिचा पोरगा शिकला. कुणामुळे शिकला ते त्याने सांगितलंय.”

“तां खरा ओ. पण रिसेप्शनाक गावसून बस येतली. माणसा इचारतली.”

“मग कोणती ओळ काढायची, ती एकदा तुमच्या तोंडाने म्हणा. कापायची तर नाव तरी घ्या.”

मामांचा चेहरा लाल झाला. सिद्धेश उगाचच माउस हलवत बसला.

अक्षता ताडकन उठली. “मामा, मी त्यांच्या पद्धतीने लग्न करतेय ते चालतं तुला, आणि एक ओळ चालत नाही? काय यार!”

“अक्षता, गप रव!” सीतारामराव ओरडले. मग नंदाबाईंकडे वळून त्यांनी आवाज एकदम खाली आणला. “वयनी, सकाळच्या विधीक मी हू का चू केलंय नाय. थय घरचीच माणसा. पण दुपारी अख्खो वाडो येतलो. माका गावात येणाजाणा असा. जरा समजून घेवा.”

माणूस वाईट नव्हता. तो खरोखरच काकुळतीला आला होता आणि त्यामुळे नंदाबाईंना जास्तच अवघड झालं. त्यांनी मुलाकडे पाहिलं. आता प्रबुद्ध बोलेल. त्याचा बाप, त्याने स्वतः घेतलेलं गाणं.

प्रबुद्ध सिद्धेशने वळवून ठेवलेल्या लॅपटॉपकडे, त्या साडेचार सेकंदांच्या तुकड्याकडे बघत होता. “आई,” तो हळूच म्हणाला, “एक ओळच ना. बाबांचा आवाज तर राहतोच.”

मामांच्या बोलण्याची नंदाबाईंनी घरून निघतानाच तयारी केली होती. याची केली नव्हती. प्रसूतिगृहात कळा असह्य झालेल्या बायकांना त्या रोज सांगायच्या, श्वास घे बाई, आधी श्वास घे. तसा त्यांनी स्वतः घेतला.

“सिद्धेश, काढून टाक बाळा.”

सगळ्यांचे खांदे सैल पडले. मामांनी गार झालेला चहा एका घोटात संपवला.

“ही ओळ ना, काकू?”

“नाही. गाणं.”

“अगं आई, पण…”

“माणूस अर्धा बोलवत नाहीत लग्नाला,” नंदाबाई म्हणाल्या. मग अक्षताकडे बघून, “तुला आवडेल ते लाव गं. तुमचा दिवस आहे.”

परतताना रिक्षात प्रबुद्ध म्हणाला, “मी तरी काय करणार होतो, आई? तिच्या घरचे सगळे समोर…”

“तू काही केलं नाहीस, म्हणून मला करावं लागलं,” त्या म्हणाल्या.

लग्न छान झालं. सकाळी पांढऱ्या साडीतल्या अक्षताने वंदना न अडखळता म्हटली. तिने ती पाठ केली होती, कुणी सांगितलेलं नसताना. सीतारामराव हात जोडून उभे होते. दुपारी सनई वाजली, बासरी वाजली. कुठल्याशा सिनेमाच्या धुनेवर जोडी स्टेजवर आली आणि शंभर मोबाइल वर झाले. रतनच्या पार्टीतले ढोलकीवाले धोंडूभाऊ मानखुर्दहून आले होते. ते ताट घेऊन नंदाबाईंजवळ आले. “वहिनी, रतनचं कधी लावताय?”

“नाही बसलं, भाऊ, कार्यक्रमात. श्रीखंड घेतलंत का?”

तीन वाजून गेले. हॉल रिकामा होत आला. पाय दुखायला लागले म्हणून नंदाबाई मधल्या एका रांगेत टेकल्या होत्या. प्रबुद्ध स्टेजवरून उतरून लगबगीने त्यांच्याकडे आला. घामाने त्याचा शेरवानीचा गळा भिजला होता.

“आई, सिद्धेशला सांगू? बाबांचं गाणं लावतो. अख्खं. एक शब्द कापायचा नाही.”

नंदाबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. डोळे भरून आले होते पोराचे. खोटं नव्हतं त्यात काही.

“गावची बस गेली का रे?” त्यांनी विचारलं.

“हो, आत्ताच. मामा पण गेले.”

नंदाबाईंनी मान हलवली. त्याच्या गळ्याशी सुटलेलं बटण त्यांनी लावलं, खांद्यावर चिकटलेली पाकळी झटकली.

“मग राहू दे,” त्या म्हणाल्या. “जा, अक्षता एकटी उभी आहे.”

तो जड पावलांनी स्टेजकडे गेला.

हॉलची माणसं खुर्च्या एकात एक रचत त्यांच्या रांगेपर्यंत आली आणि अदबीने थांबली. नंदाबाई उठल्या. पदर सारखा केला आणि आपली खुर्ची स्वतःच उचलून त्यांच्या हातात दिली.