इंजिनावरचा शेंदूर

“वच्छला, जीप कोणालेही देजो, पण आधी इंजिनाचा नंबर दाखवजो. फसवून देऊ नको.”

हे जग सोडून जाण्याआधी नवऱ्याने, कवडूजींनी, एवढंच सांगितलं होतं, आणि वच्छलाबाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवून मान हलवली होती. कारणही तसंच होतं. एकदा संत्र्याच्या पेट्या घेऊन पांढुर्ण्याला निघालेले कवडूजी रेडिएटरमध्ये पाणी टाकायला विसरले आणि इंजिन वाटेतच जाम झालं. मग दुसऱ्या जीपचं इंजिन बसवलं. कागदावर नंबर मात्र पहिलाच राहिला. घराबाहेर अख्ख्या सौंसर गावात कोणाला पत्ता नाही.

आता त्यांचा मुलगा वैभव. दिवाळीतही देवापुढे धड हात न जोडणारा हा गडी पंधरा दिवसांपासून रोज सकाळी बॉनेट उघडून इंजिनाला शेंदूर लावत होता. बाईंचा ऊर भरून आला.

“पाह्य व प्रणाली, तुह्या नवऱ्याले देव पावला,” त्या सुनेला म्हणाल्या.

“हव ना, आई. पावलाच समजा,” म्हणत प्रणाली ओढणीआड हसली.

त्या हसण्याचा अर्थ शनिवारी उमगला. दर शनिवारी सूर्य मावळेपर्यंत बाईंचं मौनव्रत. आणि नेमकं त्याच दिवशी वैभवने नागपूरच्या भाऊरावांना जीप पाहायला बोलावलं. भाऊरावांना जुन्या गाड्यांचा शौक. अट एकच, इंजिन गाडीसोबत आलेलंच पाहिजे. कागद हातात धरून ते बॉनेटखाली वाकले.

“नंबर कुठं आहे?”

“त्या शेंदराखाली,” वैभव म्हणाला. “आम्ही याले मारुती मानतो, साहेब. शनिवारच्या दिवशी खरवडता काय?”

भाऊरावांनी खरवडायला पुढे केलेला पेचकस परत खिशात घातला.

“पण इंजिन असली आहे ना?”

“माही माय समोरच बसून हाय. खोटं असतं तर ते बोलली नसती काय?”

भाऊरावांनी बाईंना हात जोडले. बाईंच्या जिभेवर शब्द आला, तो त्यांनी गिळला. बोलावं तर व्रत मोडतं, गप्प बसावं तर नवऱ्याला दिलेला शब्द. पोरानं दोन्हीकडून कुंपण घातलं होतं. डोकं बापाचंच, असं वाटून त्यांना मनात जरा हसूही आलं.

“मग पक्कं समजा,” भाऊराव म्हणाले.

बाई उठल्या. मारुतीला शनिवारचं तेल घालायचं राहिलंच होतं. देव्हाऱ्यातली वाटी त्यांनी काठोकाठ भरून आणली.

“पाहा साहेब, आईबी पूजाच करून राहिली,” वैभव खुशीत म्हणाला.

शेंदराला लोखंड लावू नये, तो तेलात भिजवून मऊ कापडाने उतरवावा, हे पंधरा दिवसांच्या भक्ताला कुठून ठाऊक असणार? बाईंनी कवडूजींच्या जुन्या धोतराचा तुकडा खांद्यावर टाकला आणि तेलाचा थेंबही सांडू न देता हळूहळू बॉनेटकडे निघाल्या.