आपल्या हस्ते

समितीच्या पत्रात तो शब्द मीच घातला. मी शाळेत भाषा शिकवतो आणि समितीचा चिटणीसही आहे, तेव्हा शब्द निवडायचं काम माझ्याकडेच असतं. 'जुन्या मार्गावरील वाफेच्या गाडीची पहिली फेरी आपल्या हस्ते सुरू होईल,' असं लिहून अध्यक्षांची सही घेतली आणि पत्र थोरल्या भावाला नेऊन दिलं.

दादाचं शिक्षण चौथीपर्यंतचं. त्याने बोट लावून पत्र दोनदा वाचलं.

"हस्ते म्हणजे हाताने, ना रे?"

"हाताने," मी म्हणालो.

"म्हणजे गाडी मीच आणायची."

"तुझ्याशिवाय ते इंजिन कळतं कुणाला?"

यातलं एकही वाक्य खोटं नाही. मी तेवढी काळजी घेतो.

चाळीस वर्षांपूर्वी मार्ग बंद झाला, तेव्हा गावातून शेवटची गाडी जंक्शनला नेली ती दादाने. हुकूम वरून आला होता, त्याने फक्त चालवली. पण वरचे लोक गावाला कधी दिसले नाहीत आणि दादा रोज दिसायचा. बाजार बसला, गिरणी बंद पडली, आणि गावाने त्याला नाव ठेवलं, गाडीचोर. न्हाव्याकडे गेला तरी तेच, दवाखान्यात गेला तरी तेच. "काय गाडीचोर, कुठे लपवलीस?" तो हसून सोडून द्यायचा. मला ते कधी जमलं नाही. मी फळ्याकडे वळलो की मागच्या बाकावरून शिट्टी यायची. माझी उभी नोकरी गाडीचोराचा भाऊ म्हणून गेली. त्याचा राग मी पोरांवर काढला नाही, दादावर धरून ठेवला.

पर्यटकांसाठी गाडी परत आणायचं ठरलं, तेव्हा ते गंजलेलं इंजिन खोलून पुन्हा जोडू शकेल असा तोच एक उरला होता. चालवायला शहरातून परवानेवाला तरुण ड्रायव्हर येणार, हे सरळ सांगितलं असतं तर दादाने त्याच क्षणी पाना खाली ठेवला असता. म्हणून ते पत्र. एकाहत्तराव्या वर्षी दीड वर्ष तो जंक्शनच्या शेडमध्ये राबला. बॉयलरच्या नळ्या एकेक करून बदलल्या. पत्र कायम खिशात, घड्यांवर तेलाचे डाग, आणि भेटेल त्याला दाखवायचा. "गाडी मीच नेली, मीच परत आणतोय." तो ड्रायव्हर आला तेव्हा दादाला वाटलं, मदतनीस मिळाला. चढावर वाफ किती हवी, कोळसा कसा पसरायचा, सगळं त्याने हातचं न राखता शिकवलं.

पहिल्या फेरीच्या दिवशी सकाळी जंक्शनच्या फलाटावर दादा धुतलेला निळा डगला घालून इंजिनावर चढला. ड्रायव्हर खाली मान घालून उभा. अध्यक्ष मला म्हणाले, "मास्तर, समजवा तुमच्या भावाला. मंडळी खोळंबलीत."

मी समजावलं. वर्गात समजावतो तसंच, शेवटच्या डब्यापर्यंत ऐकू जाईल असं. "दादा, हातून आणि हस्ते यात फरक आहे. भांडं पडतं ते हातून. उद्घाटन होतं ते हस्ते. तू फक्त हिरवा झेंडा दाखवायचास. गाडी हे चालवणार."

डब्यांत हशा पिकला. कुणीतरी ओरडलं, "उतरवा त्याला, पुन्हा घेऊन पळेल!" मीही हसलो. खरं सांगतो, फार बरं वाटलं.

दादा एकेक पायरी धरून उतरला, झेंडा घेतला आणि रीतसर दाखवला. ड्रायव्हरने घाईत वाफ एकदम सोडली, चाकं जागच्या जागी गरगरली. "सावकाश रे," दादा खालून म्हणाला. मग गाडी सुटली. झेंडा दाखवणारा माणूस फलाटावरच राहतो, हे समितीत कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. माझ्या आलं होतं.

गावच्या स्टेशनात ही गर्दी! वहिनी शेजारणींना घेऊन अगदी पुढे उभी होती. तिने इंजिनात पाहिलं, डब्यांत पाहिलं, मग माझ्याकडे आली. "भाऊजी, हे कुठे आहेत?"

"जंक्शनला. येईल की."

आला. रुळांच्या कडेने बारा किलोमीटर चालत, दुपार कलल्यावर. तोवर वहिनीच्या कानावर सगळं गेलं होतं. माझ्या दारात उभी राहून ती मला नाही नाही ते बोलत होती आणि सगळी गल्ली ऐकत होती. दादाने येऊन तिचा हात धरला.

"त्याला बोलू नकोस. शिकलेला माणूस आहे, त्याने बरोबरच लिहिलं होतं. मीच अडाणी, मला वाचता आलं नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "चुकलं माझं. माझ्यापायी चारचौघांत तुला खाली बघावं लागलं."

गल्ली माझ्याकडे बघत होती.

"असू दे, दादा," मी म्हणालो. "होतं असं कधीकधी."