सातव्या आकड्यावर

सदानंदने ओव्हनचं दार उघडलं आणि आतल्या वस्तू एकेक करून बाहेर काढायला सुरुवात केली. आधी पोळ्यांचा तवा निघाला, मग धिरड्यांचा, मग कुकरची जुनी भांडी, किसणी, दोन पराती, आणि सर्वांत मागे पुरणयंत्र. गेल्या होळीपासून लीना ते शोधत होती.

“मी आईला कळवूनसुद्धा टाकलं होतं, की ते येताना सामानात हरवलं म्हणून,” ती म्हणाली.

ती स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून बसली होती, पाय समोरच्या स्टुलावर. संध्याकाळी पाय सुजत. ते वर ठेवून बसायचं, असं डॉक्टर खदिजांनी बजावलं होतं. सातवा महिना लागून आठवडा झाला होता.

बहारीनच्या गुदैबियातल्या या फ्लॅटमध्ये आल्यापासून तो ओव्हन कधी पेटलाच नव्हता. शेगडीच्या पोटात आयतं कपाट मिळालं, एवढंच त्याचं कौतुक. तळाशी कारखान्यातला पुठ्ठा अजून तसाच होता. सदानंदने तो ओढून काढला, गुडघ्यांवर बसून काडी पेटवली आणि हात लांब करून बर्नरच्या भोकापाशी धरली. भप्प आवाज झाला, तसा तो मागे सरला.

“मीना सलमान बंदरात जहाजांचे बॉयलर दुरुस्त करणारा माणूस हा,” लीना म्हणाली.

“बॉयलर विझलेले असतात, दुरुस्त करताना.”

हे सगळं चाललं होतं ते डोहाळ्यांपायी. लीनाच्या माहेरी अंडंसुद्धा चालत नसे. चिकन खायला ती बहारीनला येऊन शिकली, आणि तेही एकाच दुकानातलं. जुफेरच्या बाजूला ‘गोल्डन बोट’ नावाचं लहानसं दुकान होतं. मालक चिनी, पण बरीच वर्षं अमेरिकेत काढलेला, आणि गिऱ्हाईक बहुतेक आरमारी तळावरचे अमेरिकन. तिथलं चिकन तळून लालभडक, चकचकीत रसात घोळवलेलं असे. मध्ये अननसाच्या फोडी, ढोबळी मिरची. दर गुरुवारी, सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी, सदानंद त्याचं पार्सल आणत असे. कुणाला दिवस गेल्यावर कैऱ्या आठवतात, कुणाला चिंचा. लीनाला हे आठवू लागलं, आणि दुसरं काहीच आठवेना. लॅबमध्ये दिवसभर लोकांचं रक्त तपासणारी बाई ती. अशा इच्छेला शास्त्रात फारसा आधार नाही, हे तिला ठाऊक होतं. ते तिने सदानंदला समजावूनही सांगितलं होतं, पार्सलमधली शेवटची फोड खाता खाता.

मग तिचं प्रेशर थोडं वर गेलं. डॉक्टर खदिजांनी चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं होतं.

“मीठ कमी. तळलेलं नाही. रेस्टॉरंट खलास.”

लीनाने ते निमूट पाळलं. सदानंदला खटकला तो तिचा निमूटपणाच. काल तो कामावरून आला, तेव्हा ती ‘गोल्डन बोट’च्या मेनूचा कागद हातात धरून बसली होती, पेपर वाचावा तशी. त्याला पाहून तिने तो घडी करून उशाखाली सारला. आज येतानाच तो खालच्या कोल्ड स्टोअरमध्ये, म्हणजे वाणसामानाच्या दुकानात, शिरला आणि दुकानदार नजीबकडे कॉर्नफ्लोर मागितलं. नजीबने आधी सवयीने “मफी”, नाही, म्हटलं आणि मग शोधून दिलं. चिकन, अननसाचा डबा आणि व्हिनेगर त्याच्या मागोमाग पिशवीत गेले.

चिकनची कातडी काढून त्याने बोटभर तुकडे केले, त्यातले निम्मे अंड्यातल्या पांढऱ्यात बुडवले, कॉर्नफ्लोरमध्ये घोळवले आणि ताटात दाटीवाटीने लावून ओव्हनमध्ये सरकवले. बटणावर एक ते आठ आकडे होते. त्याने मधला म्हणून चार निवडला.

अर्ध्या तासाने दार उघडलं, तेव्हा तुकडे पांढुरक्या पाण्यात बसले होते.

“बघू,” लीना म्हणाली. त्याने ताट तिच्यासमोर धरलं. तिने चमच्याने एक तुकडा उलटा केला. “पुसून घेतलं होतंस?”

“धुऊन घेतलं होतं.”

“धुऊन नाही, पुसून. फ्रीझरमधलं चिकन आहे, ते पाणी सोडणारच. आणि पाणी असेतोवर शंभराच्या वर काही जात नाही. शंभरावर उकडतं. भाजत नाही.”

“हे आधी सांगायचं.”

“तू विचारलं नाहीस. इतक्या तोऱ्यात काडी पेटवत होतास.”

तो हसला. उरलेलं चिकन त्याने पंचाच्या स्वच्छ तुकड्यावर पसरलं आणि एकेक फोड दाबून कोरडी करायला बसला. लीना बघत राहिली. बाहेर गल्लीत कुणीतरी गाडीचा हॉर्न वाजवून वरच्या मजल्यावरच्या कुणाला तरी बोलावत होतं.

सोमवारी पुण्याहून लीनाच्या आईचा फोन आला होता. डोहाळे कसले लागलेत, असं त्यांनी विचारलं.

“आंबटगोड खावंसं वाटतं,” लीना म्हणाली होती. यात अक्षरही खोटं नव्हतं.

आई खूश झाल्या होत्या. मग म्हणाल्या होत्या, जावईबापूंना सांग, तिकिटाचं बघा आता. आठवा लागला की विमानवाले घ्यायला कुरकुरतात. “हो, हे शनिवारी जाणारेत तिकीट काढायला,” लीना म्हणाली. एरवी ती त्याला अरेतुरे करी, पण आईच्या फोनवर तो न चुकता ‘हे’ होत असे. तेवढं बोलून तिने फोन ठेवला होता आणि फोनची गुंतलेली वायर सरळ करत बराच वेळ उभी राहिली होती.

पहिलं बाळंतपण माहेरी. यात विचारण्यासारखं काही नव्हतंच. सदानंदचा स्वतःचा जन्म आजोळचा, वडिलांनी त्याला पाहिलं ते तो चार महिन्यांचा झाल्यावर. तोही आता मेमध्ये रजेवर जाईल, तेव्हा त्याचं मूल मान धरून इकडेतिकडे बघू लागलेलं असेल, आणि हा कोण म्हणून रडेल. तिने इथेच राहावं, असं त्याला फार वाटत होतं. पण ‘राहा’ म्हणणं म्हणजे तिच्या हक्काचं काहीतरी आपल्या सोयीसाठी काढून घेणं, असं वाटून तो शब्द तोंडातून बाहेर पडत नव्हता. उलट, तिला मागायला लागू नये म्हणून ऑफिसात रजेचं आणि तिकिटाचं त्यानेच आपण होऊन विचारलं होतं. तसं त्याने घरी सांगितलं, तेव्हा ती “बरं” म्हणाली होती. त्या ‘बरं’चा त्याला काही थांग लागला नव्हता.

बेल वाजली. वरच्या मजल्यावरची हेलन आली होती, प्रेशर बघायचं यंत्र काखेत मारून. हेलन वसईची, हॉस्पिटलात स्टाफ नर्स. दर गुरुवारी ड्यूटीवरून आली, की ती लीनाच्या दंडाला पट्टा बांधून जात असे. आत पाऊल टाकताच तिने नाक वर केलं.

“काय उकडलंय हे, सदानंदभाऊ?”

“चायनीज चिकन, सिस्टर.”

“कुठल्या चीनमधलं?” तिने ताटातला एक तुकडा उचलला, निरखला आणि परत ठेवला. “आजारी माणसाला द्यायला चांगलंय.”

लीना खुर्चीत मागे रेलून हसायला लागली. हेलनने तिचा दंड धरला.

“हसू नकोस गं, पारा हलतो.” पट्टा फुगला, सुटला. “ठीक आहे. मागच्या गुरुवारपेक्षा बरं आहे. काय खाल्लंस?”

“काही नाही. हेच तर खायचंय.”

सगळी हकिगत ऐकून घेऊन हेलन वर गेली आणि केक गार करायची तारेची जाळी घेऊन खाली आली.

“ताटावर ही ठेवा, तिच्यावर तुकडे, लांब लांब. खालून वारा लागू द्या त्यांना. आणि चारवर काय ठेवता? चारवर मी केक ठेवते. कोंबडीला काय गोंजारायचंय? सातवर टाका.”

सदानंदने बटण सातवर फिरवलं. हेलन ओट्याला टेकून उभी राहिली. रसासाठी त्याने टोमॅटो किसले, कारण बाटलीतल्या सॉसमध्ये मीठ फार. डब्यातल्या अननसाचं पाणी, व्हिनेगर, आलं, लसूण, एक सुकी मिरची, चमचाभर साखर. सोया सॉसची बाटली उघडली, तशी हेलनने हात पुढे केला.

“अर्धा चमचा. मी बघतेय.”

“पायसभाऊंना पण असंच करता का?” सदानंदने तिच्या नवऱ्याचा विषय काढला.

“पायस हॉटेलात जेवून येतो. माझ्या हातात काय आहे?” मग लीनाकडे वळून ती म्हणाली, “पोटुशीचं मन मारू नये, आमच्यातपण म्हणतात. माझ्या बेनिटाच्या वेळी मला सुकट हवी होती. आख्खं मनामा पालथं घातलं पायसनं. ती इथंच झाली ना, बेनिटा. डॉक्टर खदिजाच होत्या.” ती थांबली. “तुमचं काय? जाणारच?”

“पहिलं माहेरी असतं,” सदानंद पातेल्यातला रस ढवळत म्हणाला.

लीनाने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

“असतं खरं,” हेलन म्हणाली. “मी आपलं विचारलं.” ती यंत्र उचलून निघाली, आणि दारातून वळून म्हणाली, “जाळी उद्या द्या. घासून.”

या खेपेला ओव्हनमधून चुर्रचुर्र ऐकू येऊ लागलं. सदानंदने मध्येच दार उघडून तुकडे उलटले. त्यांच्या कडा तांबूस झाल्या होत्या, चिमट्याला कडक लागत होत्या. लीना उठून त्याच्या मागे येऊन उभी राहिली. तो बाजूला सरला, तिला आतलं दिसावं म्हणून. दोघांच्या तोंडावर गरम वाफ आली.

“रंग आला,” ती हळूच म्हणाली.

रस आटून चमच्याला धरू लागला होता. त्यात ढोबळी मिरची, अननस आणि वरून चिकन टाकून त्याने एकदाच खालीवर केलं. ‘गोल्डन बोट’सारखा तो लालभडक नव्हता, विटकरी होता. चकाकी मात्र होती. त्याने दोन ताटांत भात वाढला, तिच्या ताटात चिकन जास्त वाढलं, आणि समोर बसला.

लीनाने पहिला तुकडा सावकाश खाल्ला. दुसरा घेतला. तो तिच्या तोंडाकडे बघत होता.

“तसं नाही लागत,” ती म्हणाली.

“हो ना.”

“आलं पुढे येतंय. आणि ते तेलाचं बुळबुळीतपण नाहीये.” तिने तिसरा तुकडा घेतला. “हे बरंय.”

“बरंय म्हणजे?”

“म्हणजे बरंय. काय प्रमाणपत्र देऊ?” तिने रसाचा चमचा भातावर ओतला. “उशाखालचा तो कागद टाकून दे उद्या.”

सदानंदने पाण्याचं भांडं उचललं आणि न पिता खाली ठेवलं. आता बोलावं, असं त्याला वाटलं. पण तोंडातून जे निघालं, ते नेहमीचंच.

“शनिवारी कामावरून सुटलो, की जाईन ट्रॅव्हल्सवाल्याकडे. तिकिटाचं.”

“हं.”

ती खात राहिली. ताटातला भात संपला. मिरच्यांचे तुकडे एका बाजूला सारून तिने अननस तेवढा वेचून खाल्ला. मग चमचा ताटात ठेवला आणि स्वयंपाकघराच्या दारातून आत, ओव्हनकडे बघत राहिली. तो अजून गरम होता. मधूनच त्याचा पत्रा टिक्‌ करून वाजत होता.

“डिंक फुलेल का रे त्यात?”

“कसला डिंक?”

“लाडवांचा. तुपात न तळता.” तिने बोटांनी मिरीएवढा आकार दाखवला, मग बोराएवढा. “बाळंतिणीला महिनाभर रोज एक म्हटलं, तरी किती तूप लागतं बघ. कोरडाच फुलला, तर बरंच वाचेल. आतलं पाणीच तर फुटून बाहेर येतं त्याच्या. फुलायला हवा.”

“पण ते,” तो म्हणाला, “आई करतील ना तिकडे.”

“तिकडे कुठे ओव्हन आहे?”

सदानंदने तिच्याकडे पाहिलं. ती ताटाच्या कडेला लागलेला रस बोटाने पुसत होती, अगदी लक्ष देऊन.

मग ओव्हनच्या बटणाकडे बघत त्याने विचारलं, “किती आकड्यावर ठेवायचा?”

“आकडा बघू आपण. डिंक किती घ्यायचा, ते मात्र आईला विचारावं लागेल.”

“विचार मग.”

“मी नाही. तू विचार. करणार तू आहेस.” बोट चाटत ती म्हणाली, “फक्त आधी त्यात काय भाजलं, ते सांगू नकोस.”

तो हो म्हणाला. मग त्याचं लक्ष स्वतःच्या ताटाकडे गेलं. भात तसाच होता, वरचा रस गार होऊन साकळला होता. त्याने ताट पुढे ओढलं आणि तो जेवायला लागला.