मिस व्हर्नांसाठी हलका चाप

माझ्या नवऱ्याने त्याच्या आईच्या पिस्तुलाला नवा चाप, म्हणजे ट्रिगर, बसवला, त्या कामात त्याची एकही चूक नव्हती. हे आधीच सांगून टाकते, कारण ऐकणारा प्रत्येक जण पहिलं बोट तिथेच ठेवतो.

मिस व्हर्ना म्हणजे माझ्या सासूबाई; आमच्याकडे थोरल्या बायकांच्या नावाआधी मिस लावतात. त्या गावाबाहेर खडीच्या रस्त्याच्या टोकाला एकट्या राहतात. शेजारचं घर झाडीपलीकडे आहे, दिसत नाही. शेरिफची गाडी बोलावली तर अर्धा तास धरावा, तोही रस्ता कोरडा असेल तर. मी पाण्याचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते, आणि आमची ओपल, अडीच वर्षांची, दिवसभर त्यांच्याकडे असते; आजीला ती मीमॉ म्हणते. गावातलं एकुलतं पाळणाघर बंद पडलंय. मिस व्हर्ना नाही म्हणाल्या तर माझी नोकरी संपली, इतकं ते सरळ आहे.

गेल्या ऑक्टोबरात भर दुपारी एक अनोळखी माणूस त्यांच्या स्वयंपाकघरात शिरला. डोळे तारवटलेले, तोल जात होता, आणि फ्रिज उघडून उभ्याउभ्या थंड चिकन खात होता. मिस व्हर्नांनी दोन्ही हातांत पिस्तूल धरलं, पण चाप ओढता आला नाही. संधिवाताने त्यांची बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी झाली आहेत. खरंच ओढायचा होता का, हे मी कधी विचारलं नाही. तो माणूस त्यांच्याकडे बघून हसला आणि एक तंगडी हातात घेऊन मागच्या दाराने निघून गेला. ओपलला त्या दिवशी ताप होता म्हणून ती माझ्याजवळ घरी होती. त्या तापाचे मी अजून आभार मानते.

माझ्या नवऱ्याने, ग्रेडीने, ते फार मनाला लावून घेतलं. शनिवारी तो क्लबात नेमबाजीला जातो, त्यामुळे चाप हा त्याचा आवडीचा विषय. त्याच्या स्वतःच्या स्पर्धेच्या पिस्तुलाचा चाप इतका हलका आहे की मी त्याला हातही लावत नाही. आईला तसला नको, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. डिसेंबर उजाडेपर्यंत त्याने शोध घेतला. सपाट तोंडाचा निवडला, कारण वाकड्या चापात त्यांचं बोट अडकायचं. स्क्रू फिरवून हलका-जड करता येतो तसला नको म्हणाला. स्क्रू कधीतरी ढिला पडतो आणि मॉम काही तो तपासत बसणार नाही. तोंडावर सुरक्षेची छोटी पट्टी असलेलाच घेतला; ती बोटाखाली दबल्याशिवाय चाप हलत नाही. जुन्या स्प्रिंगा कापणं, घरी बसून पत्रे घासणं असले उद्योग करणाऱ्यांना तो शिव्या देतो. गोळीवर टोला मारणाऱ्या सुईची स्प्रिंग त्याने मूळचीच ठेवली, कारण तीही हलकी केली की चाप ओढला जातो पण गोळी पेटत नाही. काम झाल्यावर आकड्याच्या काट्याने ओढून वजन मोजलं. साडेपाच पौंडांवरून ते चारच्या जरा खाली आलं होतं.

घरामागच्या मातीच्या बांधावर मिस व्हर्नांनी गोळ्या झाडून पाहिल्या. सगळ्या सुटल्या. म्हणाल्या, "म्हातारीला परत दात फुटले बघ." ग्रेडीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तो बुटाची नाडी बांधायला खाली वाकला.

मी एकच विचारलं होतं, हे ठेवणार कुठे. ग्रेडीने चार बटणांची पोलादी पेटी आणून त्यांच्या पलंगाशेजारी बसवली. रोज सकाळी ओपलला सोडताना आणि संध्याकाळी नेताना मी काहीतरी निमित्त काढून त्या खोलीत डोकावायचे. पेटी नेहमी बंद असायची. ग्रेडी मला हसायचा. म्हणायचा, शेरिफच्या खात्यात अर्ज कर, ते तुझ्यासारख्या बाईच्याच शोधात आहेत.

महिन्यातून एका रविवारी जेवण झालं की मिस व्हर्ना पिस्तूल आणून द्यायच्या आणि ग्रेडी ते त्यांच्या टेबलावर उघडायचा. कारखान्यातून आलेला चाप जरा ढिला असतो, थोडीफार धूळ तो खपवून घेतो. बाहेरून आणून बसवलेला मापाला घट्ट, त्याला कापडाचा धागा, पावडर काही चालत नाही. कोरड्या फडक्याने पुसायचं, ठरलेल्या जागी तेलाचा एक थेंब टाकायचा, जास्त नाही, कारण जास्त तेलाला घाण चिकटते. मग रिकाम्या पिस्तुलावर चाप ओढायचा, सावकाश सोडायचा आणि ऐकायचं. चाप जागेवर परत बसला की बारीकसा टक् आवाज येतो. ग्रेडी तो ऐकताना डोळे मिटतो.

एप्रिलच्या एका रविवारी तो टक् आला नाही. चाप परत आला, पण आळस देत आल्यासारखा. ग्रेडीने पुन्हा ओढला, पुन्हा सोडला. मग सगळं उघडलं आणि कापूस लावलेली काडी आत फिरवली. काडी जांभळी होऊन बाहेर आली. त्याने ती नाकाशी नेली, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि काडी बशीत ठेवून दिली. मला वास घ्यायची गरज नव्हती. द्राक्षाची जेली होती ती. ओपल दुसरं काही ब्रेडला लावूच देत नाही.

पेटीत खोकल्याची गोळी राहून वितळली असेल, ग्रेडी म्हणाला. मिस व्हर्ना म्हणाल्या, माझेच हात असतील, पोरी, हिला ब्रेडला जेली लावून देते आणि तेच हात सगळीकडे फिरतात. दोन्ही गोष्टी होऊ शकत होत्या. तेच तर वाईट होतं. मी ओपलला उचलून मोरीपाशी नेलं, तिचे हात धुतले आणि अगदी सहज बोलल्यासारखं विचारलं.

"मीमॉच्या पेटीला हात लावलास?"

"हो."

"मीमॉच्या काळ्या पिस्तुलाला?"

"हो."

"आणि चंद्राला?"

"हो. गार होता."

मी तिचे हात पुसले. तिच्याकडून काहीच कळणार नव्हतं. मग मी मिस व्हर्नांना म्हटलं, ती पेटी मला एकदा उघडून दाखवा. ग्रेडी म्हणाला, टेसा, आता हे कशाला. त्या मात्र उठल्या.

खोलीत त्यांनी आधी अंगठ्याने बटण दाबून पाहिलं, मग बोटाच्या पेराने, मग टेबलावरच्या पेन्सिलीच्या मागच्या टोकाने. दोन बटणं दबली. तिसऱ्यावरून पेन्सिल घसरली आणि पेटीचा लाल दिवा लागला. पुन्हा पहिल्यापासून केलं, पुन्हा लाल दिवा. ग्रेडी पुढे झाला तसा त्यांनी त्याचा हात बाजूला सारला आणि पलंगावर बसल्या.

"ती रिकामी असते," त्या म्हणाल्या. "नाताळापासून. एकदा अडकलं ते आत, आणि रात्रभर मी नुसती तिच्याकडे बघत पडले होते. दुसऱ्या दिवशी फोनची माणसं खांबावर काम करत होती, त्यांतल्या पोराकडून उघडून घेतली."

"मग असतं कुठे ते?" ग्रेडीने विचारलं.

"अ‍ॅप्रनच्या खिशात. सारखं माझ्या अंगावरच असतं."

"आणि दुपारी झोपता तेव्हा?" मी विचारलं.

त्यांनी खुर्चीकडे पाहिलं. दुपारी त्या आणि ओपल एकाच पलंगावर झोपतात. ओपलला आधी जाग येते, हे त्यांनीच मला कौतुकाने सांगितलं होतं. गुपचूप उतरते म्हणे, मीमॉला उठवत नाही. अ‍ॅप्रन खुर्चीच्या पाठीवर असतो.

ग्रेडी भिंतीला टेकून खाली बसला. ज्या बोटांसाठी त्याने महिना-दीड महिना चाप शोधला, त्याच बोटांना त्याने चार कडक बटणं दिली होती. आम्हा तिघांपैकी कोणाच्याही ते डोक्यात आलं नव्हतं. हत्यार म्हटलं की आमच्याकडे सगळे चाप, नेम आणि गोळी यांवर तासभर बोलतात. पेटीच्या झाकणाबद्दल कोण बोलतो?

पुढचा आठवडा दुकानं फिरण्यात गेला. अंगठा ठेवला की उघडणारी पेटी बघितली. दुकानदाराने मिस व्हर्नांचा अंगठा पुसला, फुंकर घालून पाहिली, ओलसर करून पाहिला. मग कानकोंडा होऊन म्हणाला, आयुष्यभर भांडी घासलेल्या हातांचे ठसे यंत्राला दिसत नाहीत, ताई. किल्लीची पेटी होती, पण ती किल्ली त्यांना फिरवताच येईना. मी म्हटलं, जुना चाप परत बसव. ग्रेडी म्हणाला, तेवढा जड चाप पोरं दोन्ही अंगठे लावून ओढतात. "म्हणजे ओपलला जमेल, मॉमला जमणार नाही."

शेवटी तोडगा मिस व्हर्नांनीच काढला.

"हे बघ पोरी, खोटं कशाला बोलू. मी विसरते. अ‍ॅप्रन कुठे काढला ते मला आठवत नाही. पोर आणि पिस्तूल दोन्ही माझ्याकडे ठेवू नकोस. सकाळी पोर दे, पिस्तूल घेऊन जा. संध्याकाळी पोर घे, पिस्तूल दे."

मला हवं होतं तेच त्यांनी दिलं होतं. मी थँक्यू म्हटलं. त्या म्हणाल्या, थँक्यू काय म्हणतेस, ती माझीही आहे.

सोमवारी सकाळी पायरीवर मी ओपलला त्यांच्या हातात दिलं. त्यांनी अ‍ॅप्रनच्या खिशातून पिस्तूल काढलं, नळी जमिनीकडे धरून माझ्या हातात दिलं. मी ते गाडीच्या डिकीत आणून ठेवलेल्या त्याच चार बटणांच्या पेटीत ठेवलं. माझ्या बोटांना ती बटणं लोण्यासारखी लागली. ओपल हात हलवत होती. मिस व्हर्नांनी आत जाऊन कडी लावायचा प्रयत्न केल्याचा आवाज आला, मग कडी न लागताच तो थांबला.

खडीचा रस्ता जिथे डांबरी रस्त्याला मिळतो तिथे आल्यावर माझ्या लक्षात आलं, तो माणूस भर दुपारी आला होता. म्हणजे मी ज्या वेळी कामावर असते त्याच वेळी. तेव्हा त्या एकट्या होत्या, आता माझी मुलगी त्यांच्याजवळ आहे, आणि त्या घरात बचावाला असलेली एकच गोष्ट मी घेऊन चालले होते. वळवावी गाडी? वळवून काय करू? पिस्तूल परत दिलं की अ‍ॅप्रन आला, खुर्ची आली, दुपारची झोप आली. मुलीला घेऊन जावं तर नोकरी गेली, आणि ग्रेडीच्या एकट्याच्या कमाईत आमचं भागत नाही. मी ब्रेकवर पाय ठेवून नुसती बसून राहिले.

मागून एक पिकअप येऊन थांबली. पलीकडच्या रानातले हॉबर्ट होते. काच खाली करून त्यांनी विचारलं, टायर गेलं का. मी नाही म्हटलं. "मग पुढे घे की बाई, माझी गुरं उपाशी आहेत."

मी पुढे घेतली.

प्रयोगशाळेत दुपारी बाटल्या तशाच ठेवून मी बाहेर आले आणि मिस व्हर्नांना फोन लावला. बऱ्याच वेळाने त्यांनी उचलला. मी विचारलं, सगळं ठीक आहे ना.

"ठीक आहे गं. आज झोपलो नाही आम्ही. दाराला टेबल लावलंय, त्याला खुर्च्या लावल्यात, आणि दोघी मागे बसलोय. ओपल म्हणते हा आपला किल्ला. तिला फार मजा येतेय."

मी येऊ का, असं विचारलं. त्या म्हणाल्या, येऊन काय करणार आहेस, काम कर. मागे ओपल मोठ्याने कोणाला तरी आत यायला मनाई करत होती. मी ते थोडा वेळ ऐकलं, फोन ठेवला आणि आत जाऊन पुढची बाटली उघडली.